पोटातला खिळा

आमच्या गल्लीत त्यांना सगळे खुर्चीवाले म्हणतात. सोफे, खुर्च्या, स्टुलं, जे जे बसून बसून फाटतं ते सगळं त्यांच्याकडे येतं. माझं फोटोफ्रेमचं दुकान त्यांच्या दुकानाला खेटून आहे, मधे फक्त फळ्यांची भिंत. त्या भिंतीतून दिवसभर हातोडी ऐकू येते. माणसाचा आवाज मात्र नाही, कारण खुर्चीवाल्यांच्या तोंडात कायम खिळे.

हे त्यांच्या धंद्यातलं जुनं वळण. दोन्ही हात रेक्झिन ताणण्यात गुंतलेले, मग खिळे ठेवायचे कुठे? चिमूटभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक फिरवून ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाने उचलायचा आणि ठोकायचा. बघत राहावं असं काम. पण गिऱ्हाइकाने काहीही विचारलं की उत्तर एकच, "हं." बायको होती तोवर बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. ती गेली आणि दुकानातलं बोलणंच संपलं. मुलगा लांबच्या शहरात, फोनवर कामापुरतं बोलतो. काम नसतानाही तोंडात खिळे घेऊन बसलेलं मी त्यांना पाहिलंय. कोणी काही विचारू नये म्हणून, दुसरं काय! मी पडले तोंडाळ बाई. गप्प माणसाचा मला फार राग येतो.

गेल्या हिवाळ्यात ते वाळायला लागले. चेहरा पांढराफटक, साधं स्टूल उचललं तरी धाप. त्यांच्या खोलीत आवरायला येणारी बाई म्हणायची, डबा तसाच पडलेला असतो. शेवटी एकदा मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"दादा, डॉक्टरकडे जाता की मी ओढत नेऊ?"

त्यांनी खिळे तळहातावर काढले. "जाऊन आलोय, ताई. तपासणीची तारीख दिलीय."

मला वाटलं, चला, मार्गी लागलं.

पुढे एका दुपारी हातोडी मधेच थांबली आणि धप्पकन काहीतरी पडलं. धावत गेले तर खुर्चीवाले अर्धवट झालेल्या सोफ्याशेजारी आडवे. आधी त्यांना कुशीवर वळवलं आणि तोंडात बोट घालून सगळे खिळे बाहेर काढले. गल्लीतला पंक्चरवाला रिक्षा आणायला पळाला. शुद्ध आल्यावर या गृहस्थांचं पहिलं वाक्य काय? "एक आधीच पोटात आहे."

रिक्षात सगळी हकिकत बाहेर आली. पावसाळ्यात काम करताना शिंक आली होती आणि एक खिळा गिळला गेला होता. पडेल आपोआप, असं म्हणून ते केळी खात राहिले. पुढे पोटाच्या वरच्या भागात आग व्हायला लागली, तर म्हणे खिळा टोचतोय. दोन घास खाल्ले की पोट गच्च, मळमळ, तर म्हणे खिळा आडवा आलाय. शौचाला डांबरासारखं काळं आणि चिकट व्हायला लागलं, तेव्हा तर खात्रीच पटली.

"लोखंडच ते, ताई. आत गंजणार, काळं पडणारच."

मी कपाळावर हात मारून घेतला. शहाणा माणूस डॉक्टरला विचारतो, अडाणी शेजाऱ्याला विचारतो, आणि हा माणूस डॉक्टरकडे जाऊनही पोटातल्या खिळ्याशी एकटाच बोलत बसला होता.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. खिळा बिळा काही नव्हता, तो कधीच आपल्या वाटेने निघून गेला होता. "काळं होतं ते लोखंड नाही," डॉक्टर म्हणाले. "वर कुठेतरी रक्त वाहतंय. ते आतड्यातून खाली येईपर्यंत पचतं आणि काळं होतं. रक्त कमी झालंय म्हणून धाप लागते, चक्कर येते. तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून बघायला हवं, हे मी आधीच सांगितलं होतं. दोन वेळा तारीख का चुकवली?"

उत्तर दिलं फाइल घेऊन आलेल्या नर्सने. "चुकवली नाही, सर. दोन्ही वेळा आले होते, उपाशीपोटी. पण गुंगीचं इंजेक्शन देतो, सोबत माणूस लागतोच. सोबत कोण आहे विचारलं की उठून जायचे."

मला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. "अहो, मधे एक फळी आहे! हातोडीने ठोकलं असतंत तरी आले असते."

"तुमचं दुकान बंद राहिलं असतं."

दुसऱ्या दिवशी नळी घातली तेव्हा मी बाहेर बसले. "तुम्ही यांच्या कोण?" असं विचारलं तेव्हा शेजारीण म्हणाले, आणि तेवढ्यावर भागलं. जठरात व्रण निघाला. खांदा दुखतो म्हणून हे महाशय वर्षभर रोज सकाळी रिकाम्या पोटी, नुसत्या चहाबरोबर दुखण्याची गोळी घेत होते. त्या गोळ्यांनीच जठराचं अस्तर सोललं होतं. व्रणाचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. एक तर जंतू आहेत का बघायला, आणि दुसरं, कर्करोग नाही ना, हे बघायला. तो निकाल येईपर्यंत मी चार फ्रेमा वाकड्या कापल्या. निकाल चांगला आला. दुखण्याच्या गोळ्या बंद, आम्ल कमी करणारी औषधं सुरू, आणि खिळे वाटीत ठेवायची ताकीद. दोन महिन्यांनी पुन्हा नळी घालून व्रण भरला का ते बघायचं होतं.

"तेव्हाही मीच येणार," मी बजावलं. "तारीख मला सांगायची."

तारीख सांगितली त्यांनी. त्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. पिशवीत पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या कुलूप लावलेल्या दारासमोर उभी राहिले. सावली सरकून माझ्या पायाशी आली तेव्हा ते बसथांब्याकडून चालत येताना दिसले.

"भरला म्हणाले," ते लांबूनच म्हणाले.

"कोणाबरोबर गेला होतात?"

"एकटाच. गुंगी नको म्हटलं. घसा बधिर करायला नुसता फवारा मारतात. शुद्धीवर असलं की सोबत लागत नाही."

मग मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती जाड नळी जागेपणी गिळायची म्हणजे काय, आणि ही मर्दुमकी कोणाला दाखवायची होती, आणि मी इथे काय शोभेला उभी होते का! त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पायरीवर बसले आणि मी कधी ऐकलं नव्हतं इतकं बोलले.

"फार त्रास झाला, ताई. उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्या नर्सबाईंनी माझा हात धरला. घट्ट धरला. नळी पूर्ण बाहेर येईपर्यंत सोडलाच नाही."

"मागच्या वेळीही धरला असेल की," मी अजून रागातच होते.

"असेल," ते म्हणाले. "पण तेव्हा मी झोपेत होतो ना."