खालांच्या डब्यातले पाय

उमरग्यात मुलीसाठी नवरा बघायला लोक जेवढा वेळ घेत नाहीत, तेवढा आमच्या शेजारच्या खाला शिलाई मशीनचा पाय निवडायला घेतात. पाय म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा छोटा लोखंडी तुकडा. बाकीच्या शिवणाऱ्या बायका मशीनबरोबर जो पाय आला त्याच्यावरच जन्म काढतात. खालांकडे मात्र पितळी पानाचा डबा भरून पाय आहेत. चुन्याच्या, काताच्या, सुपारीच्या खणात एकेक ठेवलेला, आणि प्रत्येकाचा स्वभाव त्यांना पाठ. "हा कापड खातो. हा रेशमावर बरा, पण जाड कापड बघितलं की ह्याचं अवसान गळतं. आन् हा बघ, दिसायला गरीब, पण लई आगाऊ हाय." साधं झबलं शिवायचं असलं तरी खाला आधी चिंधीवर तीन-चार पाय चालवणार, चिंधी उजेडाला धरणार, टाका नखानं खरवडणार, आणि शेवटी पहिलाच पाय लावणार. मशीनचे सुटे भाग विकणारा दुकानदार त्यांना लांबून बघितलं की चहाला निघून जातो. खालांना त्याचं काहीच वाटत नाही. त्या त्याच्या खुर्चीवर बसतात, त्याच्याच मशीनवर एकेक पाय लावून बघतात, आणि मधेच कुणी गिऱ्हाईक आलं तर त्याला सांगतात, "तो नको घेऊ बाबा, त्याचं तोंड वाकडं हाय."

दुपारी घरातलं आवरलं की मी त्यांच्याकडे हुक-काजं करायला बसते. बोलायचं काम खालांचं, ऐकायचं माझं. त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेली कात्री कायम असते. नमाजाला उभं राहताना तेवढी काढतात, नमाज झाला की लगेच पुन्हा गळ्यात. मला लहानपणापासून मान खाली घालून बसायची सवय, त्यामुळं माझी सावली त्यांच्या मशीनवर पडते. मग दिवसातून कितीदा तरी ऐकावं लागतं, "वाकू नको ग सुमन, माझा उजेड अडतो."

माझ्या मुलीचं लग्न तुळजापुरात ठरलं, ते एका चहात ठरलं. पाय ठरायला मात्र महिना लागला. झालं असं, की मुलीनं रिसेप्शनसाठी मोबाईलवर एक कॉर्सेट ब्लाउज बघून ठेवला होता. छातीपासून कंबरेपर्यंत घट्ट, कापडाच्या दोन थरांत उभ्या पट्ट्या शिवलेल्या, आणि पाठीवर नाडीनं आवळायचा. खालांनी चष्मा पुसून फोटो बघितला. "हे ब्लाउज हाय का पिंजरा?" म्हणाल्या. मुलीचं तोंड उतरलं तशा लगेच, "शिवते की. पण आधी पाय!"

ब्लाउजसाठी आणलेलं लाल ब्रोकेड कपाटात तसंच राहिलं आणि जुन्या चौकड्यांच्या चादरीवर परीक्षा सुरू झाली. खोक्यांना बांधतात त्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापून खालांनी चादरीच्या थरांत घातल्या. नेहमीचा दोन बोटांचा पाय पट्टीवर चढला आणि सुई मोडली. "घोड्यावर बसायला चालला व्हता," असं म्हणून त्याला डब्यात कोंडलं. चाकाचा पाय घसरून भलतीकडंच गेला. पांढरा प्लास्टिकचा पाय इतका गुळगुळीत पळाला की खाला म्हणाल्या, "हा पुढाऱ्यासारखा हाय. लई गोड चालतो, धरून काय ठेवत न्हाय." राहिला चेन लावायचा एका बोटाचा. तो पट्टीच्या कडेकडेनं, भिंतीला धरून चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखा सरळ गेला. तरी खालांचा विश्वास बसेना. "अंगात घालून बघितल्याबिगर कसं कळंल?"

मी मात्र तेव्हा दुसऱ्याच काळजीत होते. विहीणबाईंचा फोन आला होता. त्यांचं प्रसादाचं दुकान आहे. लग्न झालं की सुनेनं दुकानात बसायचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं तर राहिलं, असं त्यांनी सांगितलं. आमचे हे "बघू" म्हणाले. मुलीचं जेवण तुटलं. विहीणबाईंना नाही म्हणायचं काम माझ्याकडं आलं, आणि मी ते रोज तव्याला आणि पातेल्याला म्हणून बघत होते. भिंतीपलीकडून खाला ओरडायच्या, "भांड्यास्नी काय सांगतीस? त्या बाईला सांग की!"

एका दुपारी खालांनी चादरीचा तो कॉर्सेट माझ्याच अंगावर चढवला आणि पाठीवर गुडघा टेकल्यासारखी नाडी आवळली. तेवढ्यात मुलगी धावत आली. "आई, तुळजापूरचे पाहुणे आलेत!"

"खाला, सोडा लवकर."

पाठीमागं बरीच खुडबुड झाली. "गाठ बसली ग. सुटंना."

"मग कापा!"

"कात्री घावंना बघ. जा तशीच, वरून पदर घे."

गेले. वाकता येत नव्हतं, म्हणून चहाचा ट्रे छातीशी धरून उभी राहिले. पाहुण्यांना उठून कप घ्यावे लागले. खुर्चीवर बसले ती देवीच्या मूर्तीसारखी. मान खाली जाईना, त्यामुळं विहीणबाईंच्या डोळ्यांतच बघावं लागलं. त्यांनी आधी स्वतःचा पदर सारखा केला, मग त्याही ताठ बसल्या.

"आमचं म्हणणं एवढंच," त्या म्हणाल्या, "दुकानाला घरचं माणूस पायजे."

एरवी मी 'तुम्ही मोठ्या, आम्ही काय बोलणार' इथून सुरुवात केली असती. पण तेवढा श्वासच नव्हता. जेवढा होता त्यात म्हणाले, "शेवटचं वर्ष पूर्ण होईल. मग दुकान."

ह्यांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. विहीणबाईंनी हातातला कप बशीत ठेवला. मग म्हणाल्या, "व्हय, एका वर्षानं काय बिघडतंय? पण विहीणबाई, तुम्ही लई करारी हो!"

पाहुणे गेल्यावर खाला आल्या. माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, शिवणीकडं बघितलं. "एक बी टाका उसवला न्हाय. हाच पाय!" म्हणाल्या, आणि एका हिसक्यात नाडीची गाठ सोडली. शिवण तपासायला वाकल्या तेव्हा माझ्या गालाला काहीतरी गार लागलं. गळ्यातली कात्री होती.

लाल ब्लाउज झकास झाला. मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. माझ्या दुपारी अजून खालांकडंच जातात. आता उजेड पूर्ण मशीनवर पडतो, 'वाकू नको' म्हणायची वेळ येत नाही. पण सुई त्या गुपचूप माझ्याकडं करतात, "तूच ओव ग." डब्यातला पाय डोळ्यांनी न बघता बोटांनी चाचपून काढतात. कधी चुकीचा हाताला लागतो. मी नुसती चिंधी पुढं करते. तिच्यावर तर त्या चालवून बघणारच आहेत.