दादाचे केस

कात्रीमास्तर फिरायला म्हणून कधी घराबाहेर पडले नव्हते. दिवसभर खुर्चीभोवती गोल गोल फिरणारा न्हावी संध्याकाळी आणखी कशाला फिरेल? दुकान म्हणजे एकच खोली. आरसा, खुर्ची, भिंतीलगत बाकडं आणि बाकड्यावर केस कापायचे नसतानाही येऊन बसणारी मंडळी. मास्तरांची कात्री चाले तसं तोंडही चाले. पण साठी जवळ आली, पाय सुजायला लागले, रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं, "रोज सकाळी चालायचं. दुकानात उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे."

"चालायचं कुठे?" मास्तरांनी घरी येऊन कुरकुर केली.

"लोक लांबून गाड्या करून आपल्या तलावावर फिरायला येतात," बायको म्हणाली, "आणि तुम्हाला जागा सापडेना?"

जागा सापडत नव्हती असं नाही. गावाबाहेरच धरणाचा मोठा तलाव होता, तिन्ही बाजूंनी टेकड्या. पायवाट बांधावरून निघे, पाण्याच्या कडेकडेने जाऊन ओढ्यावरचा लाकडी साकव ओलांडी, टेकडीच्या खांद्यावर चढे, पलीकडच्या गावात उतरे आणि दुसऱ्या अंगाने परत बांधावर येई. अडचण होती ती पलीकडच्या गावाची. तिथे मास्तरांच्या थोरल्या भावाची बेकरी होती आणि मास्तरांच्या मुलीचं लग्न ठरल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं. मुलीने स्वतः मुलगा पसंत केला, मास्तरांनी होकार दिला आणि मग भावाला कळवलं. "सगळं ठरवून झाल्यावर सांगायला मी काय परका आहे?" एवढं बोलून थोरला जो उठून गेला, तो लग्नालाही आला नाही.

मास्तर चालायला लागले आणि थोड्याच दिवसांत व्हायचं तेच झालं. साकव ओलांडून ते चढणीला लागले, तर समोरून दादा! हातात काठी, पायात कापडी बूट, धापा टाकत येत होता. त्यालाही कुणा डॉक्टरने पिटाळलं असणार. वाट इतकी अरुंद, की एकाने अंग चोरल्याशिवाय दुसऱ्याला जाता येऊ नये. दादाने टेकडीकडे तोंड फिरवलं, मास्तरांनी पाण्याकडे. तिथे एका बुडालेल्या झाडाच्या फांदीवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. मास्तरांनी ते असे न्याहाळले, जणू एकेकाची हजामत करायची आहे.

"मग उलट्या बाजूने जात जा," बायकोने सुचवलं.

"म्हणजे त्याच्या मागे मागे चालू? लोक म्हणतील, धाकटा मनधरणीला निघालाय."

तेव्हा रोज तीच वाट, तीच भेट आणि तेच पाणकावळे. एका ओल्या सकाळी दादाने मान न वळवताच काठीने एका दगडावर टकटक केलं आणि पुढे निघून गेला. दगड शेवाळलेला होता. मास्तरांनी पाय जपून टाकला. त्या दिवशी दुकानात ते फारसं बोलले नाहीत.

पण त्यांचा जीव खरा तुटत होता तो दादाच्या डोक्याकडे बघून. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा कात्री चालवली ती दादाच्याच केसांवर. कानाचा कोपरा कापला गेला, तर दादाने आईला बिनदिक्कत सांगितलं, की कोंबड्याने चोच मारली. तेव्हापासून त्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. आणि आता? मागे पायऱ्या पडलेल्या, एका कानावर झुबका, दुसऱ्या कानावर टक्कल. गवतसुद्धा कुणी असं कापत नाही! मास्तरांचे हात नुसते शिवशिवत.

एके सकाळी ते निघाले ते खिशात कात्री आणि कंगवा, खांद्यावर दुकानातलं पांढरं फडकं घेऊनच. चढणीच्या माथ्यावर एक बाक होता. तिथे त्यांनी दादाला गाठलं.

"बस खाली."

दादा थबकला. "माझ्याशी बोलतोयस?"

"तुझ्या केसांशी बोलतोय. बस."

दादा बसला. मास्तरांनी फडकं गुंडाळलं. खाली सगळा तलाव उन्हात चकाकत होता. वाऱ्याने पांढरे केस उतारावर उडत होते. दादाची मान किती बारीक झाली होती! मास्तरांनी डोकं पुढे झुकवायला हात ठेवला आणि तो तिथेच थोडा वेळ राहिला.

"लग्नाच्या दिवशी बेकरी बंद ठेवली होती मी," दादा खाली बघत म्हणाला. "नवे कपडे घालून बसलो होतो. वाटलं, न्यायला येशील."

मास्तरांची कात्री थांबली. "मी तुझ्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची अडवून धरली होती. सगळ्यांशी भांडलो त्या खुर्चीपायी. वाटलं, आपणहून येशील."

"आपण दोघंही गाढव."

"तू थोरला गाढव."

दादा हसला तसा मास्तर ओरडले, "हलू नकोस, कान जाईल!"

"जाऊ दे," दादा म्हणाला. "सांगेन कुणाला तरी, कोंबडा आला होता."

मास्तरांना हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. फडक्याच्या टोकाने त्यांनी ते पुसले, तर दोनचार केस डोळ्यातच गेले. मग दादानेच उठून त्यांचं तोंड उजेडाकडे धरलं आणि फुंकर मारून ते काढले.

त्या दिवशी पलीकडच्या गावात उतरल्यावर मास्तर थेट बांधाकडे न वळता दादाबरोबर त्याच्याकडे गेले. बेकरीत भट्टीची ऊब होती, वहिनीने काही न विचारता चहा टाकला. मास्तरांनी मुलीला फोन लावला आणि दादाच्या हातात दिला. दादा बराच वेळ नुसता "हं, हं" करत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "सुट्टीत या दोघं. तलावाला चक्कर मारू. तुझा नवरा चालतो का गं, का नुसताच बसतो?"

पलीकडून काय उत्तर आलं कुणास ठाऊक, पण दादा इतक्या मोठ्याने हसला, की वहिनी चहाचा चमचा हातात घेऊनच बाहेर आली.