पदराआडची मिशी
गॅदरिंगसाठी लेकीच्या ओठावर खोटी मिशी चिकटवताना स्पिरिट गमचा उग्र वास आला आणि कामशेतजवळच्या एका गावातले आबा आठवले. तरुणपणी ते जत्रेतल्या संगीत नाटकात नायिका व्हायचे. मी एकदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा ओसरीत भाताच्या पोत्याला टेकून ते जुने फोटो दाखवत होते. नऊवारी, नथ, आणि प्रत्येक फोटोत ओठांवर धरलेला पदर. "पदर कायम तोंडावर का?" मी विचारलं. "मिशी व्हती की," आबा म्हणाले. "आमच्यात बाप असताना मिशी काढत न्हाईत. काढली असती तर लोक दुखवट्यालाच आलं असतं." "आणि गाताना?" "पदराआडनंच गायचो. लोक म्हनायचं, लय लाजती बाई." मग वडील गेले आणि मिशी उतरवावी लागली. त्याच महिन्यात जत्रा होती, गावानं गळ घातली. "म्हणजे तेव्हा पदराची गरज नव्हती," मी म्हणालो. आबा त्या जत्रेतल्या फोटोवरून अंगठा फिरवत राहिले. "पदर तवाबी सोडला न्हाई. आत रडत व्हतो." इकडे लेकीनं आरशात पाहिलं आणि चटकन ओढणी ओठांवर घेतली. मी ती हळूच बाजूला केली. आत लेक हसत होती.