सातव्या दिव्याची दुपार

सुबोध केतकर पुण्याचा. स्वतःचं चुकलं हे कबूल करायची वेळ आली की जरा जास्तच पुण्याचा. नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरात, एका छोट्या कंपनीत तो दीपगृहांचे दिवे चालवणारं सॉफ्टवेअर लिही. ही सात दीपगृहं नॉर्वेच्या पार उत्तरेला, एका फ्योर्डच्या काठावर होती. फ्योर्ड म्हणजे उभ्या कड्यांमधून आत घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी. सुबोधने ती फक्त फोटोत पाहिली होती.

घरी त्याची बायको मालिनी रोज सात वाजता देवापुढे दिवा लावायची. जूनमध्ये ब्रेडाला रात्री दहापर्यंत उजेड. "अगं, बाहेर लख्ख ऊन आणि दिवेलागण कसली?" तो चिडवायचा.

"सूर्याच्या भरवशावर राहिले तर पोरं झोपून जातील," ती म्हणायची.

त्याच उन्हाळ्यात, २००६ साली, त्याने तो प्रोग्राम लिहिला. सूर्य मावळला की दिवा लाव, उगवला की विझव. आर्क्टिकमध्ये उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून खास एक ओळ घातली: आज सूर्यास्त नसेल, तर दिवा बंद. या ओळीवर स्वारी भलतीच खूश होती. हिवाळ्यात तिथे सूर्य उगवतच नाही, आणि जो उगवला नाही तो मावळणार कुठून, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

नोव्हेंबरअखेरीस तिथे बिनसूर्याचा पहिला दिवस आला आणि सातही दिवे विझले.

दुपारी ऑफिसात फोन खणाणला. तिथला देखभालीचा माणूस, आर्ने, फ्योर्डच्या तोंडावरच्या सातव्या दीपगृहातून सॅटेलाइट फोनवर ओरडत होता. मागे लाटा खडकावर तोफा डागल्यासारख्या आदळत होत्या. "सगळे दिवे गेलेत. बर्फाचं वादळ आहे, काही दिसत नाही. माझ्या भावाची बोट आत येतेय, तिघं जण आहेत."

 ती ओळ सुबोधला लगेच आठवली. ब्रेडातूनच हुकूम धाडून त्याने एकेक दिवा पेटवला. सहा लागले. सातव्याचा अँटेना वाऱ्याने उपटून नेला होता; त्याला हुकूम पोचेना.

"बाहेरची पेटी उघड," सुबोध म्हणाला. "आमचं यंत्र तोडून टाक. दिव्याची वायर थेट बॅटरीला जोड."

"पेटी समुद्राच्या बाजूला आहे," आर्ने म्हणाला. मग म्हणाला, "ठीक आहे."

फोन चालूच राहिला. दार धाडकन भिंतीवर आपटलं. काच फुटली. लोखंडावर लोखंडाचे घाव बसू लागले, मधेच आर्नेची शिवी, मग एक किंकाळी, आणि पुन्हा घाव. शेवटी तो ओरडला, "लागला!" पाठोपाठ एक लाट आली. तिने काय काय मोडलं, ते सुबोधला ऐकूनच कळलं. नंतर फोनवर नुसता समुद्र होता.

बोट सुखरूप आत आली. आर्ने दुसऱ्या दिवशी कड्याखाली सापडला, चेहरा ओळखू येणार नाही इतका ठेचलेला.

"वादळाने यंत्रणा बिघडली, एवढंच सांगायचं," साहेब विलेम म्हणाला. सुबोधने मीटिंग रूमच्या काचेवर मूठ हाणली. काच तडकली, मनगट फाटलं, आणि तरीही त्याला हवं होतं तेवढं दुखलं नाही.

आर्नेच्या भावाचा फोन आला तो त्याच वेळी. त्याने एवढंच विचारलं, "ते दिव्यांचं सॉफ्टवेअर लिहिलं कुणी?"

विलेम मानेने नको नको म्हणत होता.

"मी," सुबोध म्हणाला. "त्याला बाहेरही मीच पाठवलं."

 मग तो भाऊ म्हणाला, "मी उद्या पुन्हा बोट काढतोय. दिवे चालू राहतील ना?"

रक्ताळलेल्या हाताने सुबोधने प्रोग्राममधली 'सूर्यास्त नसेल, तर दिवा बंद' ही ओळ खोडली.