शीलाताईनं लिहिलेले वारस

ताई गेल्याचा फोन भाऊजींचा आला. मी बँकेत काउंटरवर होतो, समोर एक आजोबा पासबुक घेऊन उभे होते. "मिलिंद, गेली गा ती," एवढंच भाऊजी म्हणाले. मी आजोबांचं पासबुक छापून दिलं, त्यांना नीट दाखवलं, आणि मग काउंटर बंद केला... आज दीड महिना झाला. लिहायला बसलो की दुःखाच्या आधी कृतज्ञता वर येते, कारण हे लिहिणारा माणूस तिच्यामुळेच अजून लिहू शकतो आहे.

शीलाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत ती लिपिक होती. मेलेल्या माणसाच्या जागी त्याच्या वारसांची नावं कागदावर चढवायची, हे तिचं रोजचं काम. आमचे बाबा बेचाळिसाव्या वर्षी गेले, तेव्हा ती पंधराची होती. बाबांना काय झालं होतं, हे घरात कोणी विचारलं नाही. 'पोटाचं दुखणं' म्हणायचे सगळे. आमच्या घराण्याचं पोटच नाजूक, असं आम्ही मोठ्या कौतुकानं सांगायचो आणि तर्री कमी घ्यायचो.

ताईला पन्नासाव्या वर्षी शौचातून रक्त जाऊ लागलं. वर्षभर तिनं मूळव्याधीची औषधं घेतली. शेवटी दुर्बिणीनं तपासलं, तर मोठ्या आतड्यात गाठ निघाली, आणि ती आतड्याबाहेरही पसरू लागली होती. डॉक्टरांनी वडिलांचं विचारलं. ती नेहमीसारखं म्हणाली, "पोटाच्या दुखण्यानं गेले." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि गेले तेव्हाचं वय विचारलं. मग आजोबांचं विचारलं, आत्याचं विचारलं... पुढे रक्ताची जनुकीय चाचणी झाली आणि त्या दुखण्याला पहिल्यांदा नाव मिळालं : लिंच सिंड्रोम. आईबापांपैकी एकाकडून येणारा जनुकातला बिघाड. प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. ज्याच्यात उतरला, त्याला कमी वयातच आतड्याचा कर्करोग होऊ शकतो, बाईला गर्भाशयाचाही. पण आधी कळलं तर ठरावीक काळानं आतडं तपासून वाढणारी गाठ वेळेत काढता येते.

ऑपरेशनची जखम भरायच्या आत ताई कुही तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन आली. म्हाताऱ्या माणसांशेजारी बसून एकेकाचं मरण विचारलं. आजोबांची 'हगवण', आत्याचं 'बाईपणाचं दुखणं', कोण किती वयाचं होतं, सगळं वहीत उतरवलं. मग आमच्या घरी आली आणि ती वही माझ्या बायकोसमोर, मुलीसमोर उघडली. तेव्हा प्राजक्ताच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, लग्नाचं बोलणं चालू होतं. मी भडकलो.

"ताई, हे काय बोलून राहिली तू? पोरीच्या रक्तात खोट आहे म्हणून गावभर सांगतेस?"

"खोट नाही गा, आजार आहे. वावराचे वारस लिहाले सगळे माह्या टेबलाशी भांडतात. मग याचे वारस लिहाले काहून भेता?"

मी तिला निघून जा म्हणालो... सख्ख्या बहिणीला. आठ महिने तिच्याशी बोललो नाही.

आठ महिन्यांनी तीच आली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. केमोच्या औषधांनी तिचे तळपाय बधिर झाले होते, चप्पल निसटली तरी कळायचं नाही. कठडा धरून ती चढली, दारात उभी राहिली तेव्हा एक पाय अनवाणी होता. मी खाली जाऊन पहिल्या मजल्यावर पडलेली चप्पल घेऊन आलो आणि तिच्या पायात घालू लागलो. माझ्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "प्राजक्तासाठी नको येऊ. माह्यासाठी चाल चाचणीले. मले एक तरी भाऊ पायजे ना म्हातारपणी."

म्हातारपण आपल्याला मिळणार नाही, हे तिला तेव्हा पक्कं ठाऊक होतं.

माझ्यात तो बिघाड निघाला. दुर्बिणीनं पाहिलं तर आतड्यात दोन गाठी. त्यातली एक कर्करोगाकडे झुकलेली. दोन्ही तिथल्या तिथं काढल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. मी वेळेवर आलो नव्हतो, मला आणलं होतं.

मग आमच्या दोघांच्या मुलांची चाचणी झाली. प्राजक्ता मोकळी निघाली. ताईचा अनिकेत मात्र नाही. दोन्ही निकाल एकाच दिवशी आले. तिला काय तोंड दाखवावं, या विचारात मी होतो, तर संध्याकाळी तीच संत्रा बर्फीचा डबा घेऊन आली आणि प्राजक्ताला भरवत म्हणाली, "खा वं बाई, तू सुटली." मी म्हटलं, "ताई, आणि अनिकेत?" तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "त्याले माहीत तर झालं. बाबाले कुठं माहीत होतं?"

शेवटची दीड वर्षं कठीण गेली. त्याचं वर्णन करत नाही. तिलाही आवडलं नसतं. ती गेल्यावर बुद्धवंदनेला अख्खं कुटुंब आलं होतं. त्यातल्या नऊ जणांनी तोवर चाचणी करून घेतली होती. ज्या काकूनं ताईला सर्वांत जास्त बोल लावले होते, तीच सगळ्यांत मागे बसून हुंदके देत होती. तिचा मुलगाही वेळेत सापडलेल्यांपैकी.

गेल्या आठवड्यात माझी आणि अनिकेतची वर्षाची तपासणी होती. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट पाणी आम्ही ताईच्याच स्वयंपाकघरात, समोरासमोर बसून प्यायलो. दरवेळी तीही आमच्याबरोबर उपाशी राहायची. या वेळी भाऊजी राहिले, न सांगता. दुसऱ्या दिवशी माझं आतडं साफ निघालं. अनिकेतला ज्वारीच्या दाण्याएवढी एक गाठ होती, ती काढली. दवाखान्याच्या पायऱ्यांवरून मी भाऊजींना फोन लावला.

"दोघंही ठीक आहोत, भाऊजी."

 पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. "बरं... भात मांडतो मंग."

भात पाणी जास्त होऊन जरा गिचका झाला होता. अनिकेतनं तीनदा घेतला.