ज्याचा किडा, त्याचं बटण

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही बाप्पा! शेतात नुसतं वाकून उभं राहा. गोखरू पँटीला चिकटतात तसे किस्से आपोआप चिकटतात, झटकले तरी दोन-चार घरापर्यंत येतातच. आणि आम्ही तर दर रविवारी वाकतो!

आम्ही म्हणजे तिघं. माझं सौंसरला औषधाचं दुकान. प्रमोदभाऊचा बोरगावला संत्र्याचा बगीचा. तिसरे गुरुजी, शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले, पांढुर्ण्याहून बसनं येतात. मुठीत मावेल एवढा छोटा मिररलेस कॅमेरा, त्याला बारक्या किड्याचाही मोठ्ठा फोटो काढणारी मॅक्रो लेन्स, आणि गावानं ठेवलेलं नाव, "किडेवाले". झालं आमचं मंडळ!

मंडळाचा कायदा एकच: ज्याला किडा दिसला, त्यानं बटण दाबायचं. पहिल्याच रविवारी माझं आणि प्रमोदभाऊचं कॅमेऱ्यावरून वाजलं, तेव्हा त्यानंच हा कायदा काढला. "ज्याचा किडा, त्याचं बटण! मंजूर असन त बोला, नाही त मी चाललो मोटर पाह्याले."

आता गंमत पाहा. किडा सगळ्यात आधी दिसतो गुरुजींना. आणि बटण ते कधीच दाबत नाहीत! त्यांचे हात थरथरतात. चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरतात, तरी बशी वाजते. आयुष्यभर चित्रं काढली त्या माणसानं, आणि एक दिवस सगळे ब्रश धुऊन, पुसून अलमारीत ठेवून दिले. आम्ही कॅमेरा पुढे केला की म्हणतात, "नाही रे, मी पाहतो ना. फोटो हलला की मले लय लागते." मला तर फार वाईट वाटायचं.

* * *

एकदा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, आम्ही तिघं डोकी खाली घालून बसलेलो. एक आजी कापूस वेचायला चालल्या होत्या. थांबल्या.

"काय हरपलं जी?"

"काही नाही आजी, पाहून राहिलो."

विश्वास कसा बसणार? तीन जाणती माणसं उगाच गवतात पाहत बसतील का? त्यांनी पदर खोचला आणि आमच्यासोबत शोधायला लागल्या. इकडचं गवत सार, तिकडचं सार. शेवटी वैतागल्या. "अवं पर काय शोधून राहिलो आपण, ते त सांगा!"

मी त्यांना स्क्रीन दाखवली. स्क्रीनभर एका मुंगीचं तोंड. आजींनी कॅमेरा डोळ्याजवळ नेला, लांब धरला, मग खाली गवतातल्या मुंग्यांकडे पाहिलं.

"हे इतकुशीच हाय न?"

"हो."

"मंग हिच्या तोंडावर इतके केस कोनासाठी?"

मी शाळेत जीवशास्त्र शिकलोय, रोज औषधं विकतो. मला उत्तर आलं नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा.

* * *

मॅक्रोचं एक लफडं असतं. लेन्स किड्याच्या इतकी जवळ जाते की फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवला तर लेन्सचीच सावली किड्यावर पडते. फोटोत अर्धी माशी उजेडात, अर्धी अंधारात! म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढायचा, दुसऱ्यानं हातात धरायचा. कॅमेऱ्यावर एक छोटा ट्रिगर बसवायचा. बटण दाबलं की वायरीशिवाय तिकडे फ्लॅश चमकतो. आहे की नाही भारी?

भारीच आहे. लोधीखेड्याच्या लग्नात कळलं किती भारी आहे ते!

लग्न प्रमोदभाऊच्या साळ्याचं. मुहूर्ताला वेळ होता आणि मंडपाच्या खांबावर एक बारका, उड्या मारणारा कोळी सापडला. आम्हाला दुसरं काय पाहिजे? प्रमोदभाऊनं फ्लॅश धरला, मी दाबायला लागलो. तेवढ्यात स्टेजवर गडबड. फोटोग्राफरनं छत्र्या लावलेले दोन मोठे लाईट ठेवले होते, ते आपल्या मनानं चमकून राहिले! तो बिचारा कॅमेरा खाली ठेवून उभा, आणि लाईट भकाभक. नवरदेव प्रत्येक वेळी दचकून हसायचा, पोज द्यायचा, पुन्हा दचकायचा. नवरीचे मामा ओरडले, "अबे, कोनाचा फोटो काढून राहिला तुहा लाईट?"

फोटोग्राफरनं प्लग काढला, बॅटरी बदलली, लाईटला हात जोडायचे तेवढे बाकी होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याचा ट्रिगर आणि आमचा ट्रिगर एकाच चॅनलवर! इकडे मी कोळ्यावर बटण दाबतोय, तिकडे नवरदेव उजळतोय.

मी पटकन ट्रिगर काढून खिशात घातला. प्रमोदभाऊला त्याचं काहीच नाही. तो स्क्रीन पाहून म्हणतो, "खरं सांगू का? नवरदेवापेक्षा कोळी भारी आला!"

* * *

पुढचं लफडं म्हणजे चमक. भुंग्याची पाठ गुळगुळीत. फ्लॅश थेट पडला की पाठीवर पांढराफटक डाग. गुरुजी म्हणाले, "उजेड गाळून घ्या. चहा गाळता तसा." मग सुरू झाला गाळणीचा, म्हणजे डिफ्युजरचा, शोध. बटर पेपर झाला, थर्माकोलची प्लेट झाली, आमच्या घरच्या दह्याच्या डब्याचं झाकण झालं. बायको झाकणं शोधून राहिली आणि मी पेपर वाचून राहिलो, असंही झालं!

शेवटी तीच चिडून म्हणाली, "माह्या डब्याले हात लावू नका. हे घ्या." हातात तांदळाचा कच्चा पापड दिला. इतका पातळ लाटलेला की पलीकडची खिडकी दिसायची. फ्लॅशपुढे धरला आणि काय सांगू! उजेड कसा मऊ पडला! पाठीवरचा डाग गेला, भुंग्याचे हिरवे, निळे, तांबडे, सगळे रंग वर आले. गुरुजी भुंग्याऐवजी पापडाकडेच पाहत बसले.

पुढच्या रविवारी तोच पापड घेऊन मुंग्यांच्या वारुळावर गेलो. प्रमोदभाऊ फ्लॅश जमिनीला टेकवून बसला. मी लेन्समधून पाहतोय, तर वारुळावर मुंग्या कमी कमी होऊन राहिल्या.

"प्रमोदभाऊ, मुंग्या गेल्या कुठं?"

तो शांतपणे म्हणाला, "डिफ्युजर खाऊन राहिल्या."

* * *

प्रमोदभाऊचं वागणं मोठं विचित्र. संत्र्याच्या झाडावर अळी सापडली की तिचा सुंदर फोटो काढतो, आम्हाला दाखवतो, "काय चेहरा हाय पाहा!" म्हणतो, आणि मग तिला दोन बोटांत चेंगरतो. मी एकदा भांडलो, तर म्हणे, "माह्ये पानं खाऊन राहिली ते, तुमच्या गोळ्या नाही. पहिले फोटो, मंग फाशी!"

मी भांडण सोडलं. बगीचा त्याचा.

* * *

थंडीतल्या एका सकाळी मोहरीच्या फुलावर एक माशी हवेत एकाच जागी थांबून भिरभिरत होती. प्रमोदभाऊनं फ्लॅश धरला, मी दाबत गेलो. बहुतेक फोटोंत नुसतं फूल. एकात मात्र ती आख्खी सापडली. पंखांवरच्या बारीक शिरासुद्धा दिसत होत्या.

गुरुजींनी स्क्रीन पाहिली. पुन्हा पाहिली.

"हे पंख हलून राहिले होते न?"

"हो न गुरुजी. इतक्या जोरात की डोळ्याला दिसत नव्हते."

"मंग फोटोत काहून हलले नाही?"

मी सांगितलं, कॅमेरा असा लावलाय की फ्लॅश नसेल तर फोटो काळाच येतो. जो काही फोटो निघतो तो त्या फ्लॅशच्या उजेडात. आणि तो उजेड इतका कमी वेळ असतो की पंखाला हलायला फुरसतच मिळत नाही.

"अस्सं," गुरुजी म्हणाले. मग आपल्या हातांकडे पाहिलं. मीही पाहिलं, पण तेव्हा मला काही सुचलं नाही. आम्ही चहा प्यायला गेलो.

* * *

आणि आता तो रविवार.

बगीच्यात फिरताना गुरुजी एका फांदीपाशी थांबले. "हे पाहा." आम्हाला पानंच दिसत होती. मग पानासारखीच हिरवी, बोटाएवढी जाड अळी दिसली. मी कॅमेरा वर केला, तर प्रमोदभाऊनं माझा हात धरला.

"किडा कोनाचा?"

"गुरुजींचा."

"मंग बटण त्याहीचं." आणि अळीपाशी दोन बोटं नेली. "गुरुजी, तुम्ही फोटो काढत नसान त मी चेंगरतो हिले. फोटो नाही त सरळ फाशी!"

"अरे थांब! थांब रे प्रमोद!"

मला त्याचा असा राग आला! म्हाताऱ्या माणसाशी असं वागतात का? पण गुरुजींनी हात पुढे केला होता. मी कॅमेऱ्याचा पट्टा त्यांच्या गळ्यात घातला. प्रमोदभाऊनं बॅगेतून फ्लॅश काढला, नवा पापड लावला.

"वरून नको," गुरुजी म्हणाले. "डावीकडून दे. थोडा मागून. हां."

कॅमेरा हलत होता. पुढे, मागे, पुढे. पहिल्या फोटोत पान. मग धूसर हिरवं काहीतरी. मग पुन्हा पान. गुरुजींचं तोंड उतरलं. प्रमोदभाऊनं दुसऱ्या हातानं गवताची काडी घेतली आणि अळीला हळूच टोचली. तिनं डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढली. त्याच वेळी गुरुजींनी दाबलं.

आम्ही तिघं स्क्रीनवर वाकलो. शिंगं, शिंगांवरचा ओलेपणा, कातडीवरची दाण्यादाण्याची नक्षी, सगळं लख्ख! त्या माशीच्या पंखांसारखंच, कुठं म्हणजे कुठं हललेलं नाही. गुरुजींच्या हातातला कॅमेरा मात्र अजून थरथरतच होता.

प्रमोदभाऊनं अळीकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता फाशी. तो म्हणाला, "चाला, ऊन झालं," आणि पुढे निघाला.

फोटो मोठा छापून आणला. पुढच्या रविवारी माझ्या दुकानात काउंटरवर ठेवला. गुरुजींनी बराच वेळ पाहिला, मग खिशातून पेन काढलं.

"सही कराची राहिली."

चित्र पुरं झालं की खाली सही, ही त्यांची जुनी सवय. पेनाचं टोक कागदाजवळ गेलं आणि तिथंच थरथरायला लागलं. त्यांनी पेन मागे घेतलं. "नको. खराब होईन."

प्रमोदभाऊनं बॅग उघडली आणि फ्लॅश काढला. भर दुपारी, दुकानात, गिऱ्हाईकांसमोर! पापडासकट गुरुजींच्या डाव्या बाजूला धरला.

"करा जी सही. मी उजेड धरतो."

गिऱ्हाईकं हसली. गुरुजीही इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि हसता हसता त्यांनी सही केली. ती वर गेली, खाली आली, मध्येच वळली आणि कागदाच्या कडेपाशी जाऊन थांबली.

"पाहा," गुरुजी म्हणाले, "वाकडी झाली न."

प्रमोदभाऊनं वाकून नीट पाहिलं, लेन्समधून पाहतो तसं.

"सही वाकडी नाही जी, गुरुजी. अळी चालून गेली तिथून."