यान परत येत नाही

लॅमिंग्टन रोडवरच्या झेरॉक्सवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मी त्याला अण्णा म्हणायचो, तो मला तम्मा, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. पत्रकं मात्र त्याच्याकडेच काढायचो. प्रत्येक कागदाआधी तो काचेवर फुंकर मारायचा, सदऱ्याच्या टोकानं ती पुसायचा.

त्या दिवशी मी पेटलेलो होतो. लहानपणापासूनच्या माझ्या लाडक्या विज्ञानकादंबरीचं कुणीतरी कॉमिक काढलं होतं, सीडीवर गेमही येणार होता. चौकात वाटायच्या पत्रकात मी ठणकावलं होतं: ‘मूळ कादंबरीत यान परत येतं. यांनी ते अवकाशात हरवलं! हा बाजार बंद करा!’

त्यानं पत्रक शेवटपर्यंत वाचलं. मग खणातून तीच कादंबरी काढली. समासात पेन्सिलीनं यानांची चित्रं काढलेली, हुबेहूब कॉमिकमधली.

“यान परत येत नाही, तम्मा. शेवटच्या पानावर गोष्टीतली पोरगी अंगणात नुसती वाट बघत बसते.”

“म्हणजे कॉमिक तुमचं? आणि हे पत्रक तुम्ही काढून देणार होता, अण्णा?”

“देणार की! विरोध कर. पण पुस्तक परत वाचून कर.”

घरी जाऊन शेवट वाचला. त्याचंच खरं होतं. लहानपणी सहन झालं नाही म्हणून ते यान मनातल्या मनात मीच परत आणलं होतं. कादंबरी बदलणारा पहिला मीच!

भर चौकात माझी शोभा होऊ दिली नाही, हे त्या माणसाचे उपकार.